दुकानात आधी ‘मांडवा’ टाइप करून बघा

मेकॅनिकल कीबोर्डबद्दल जे वाचायला-बघायला मिळते, ते बहुतेक इंग्रजी टाइप करणाऱ्यांनी इंग्रजी टाइप करणाऱ्यांसाठी सांगितलेले असते, आणि तेही कोरड्या, वातानुकूलित खोलीत बसून. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात राहून दिवसाला दहा-वीस पाने मराठी टाइप करणाऱ्याला त्यातला बराच सल्ला निरुपयोगी ठरतो. कोर्टाबाहेरचे टंकलेखक, आपले सरकार सेवा केंद्रांतले ऑपरेटर, डीटीपी करणारे, घरबसल्या अनुवाद करणारे आणि २०२० नंतर लॅपटॉप घेऊन गावच्या घरी राहायला आलेले नोकरदार या सगळ्यांचे हात मराठीत वेगळ्या कळांवर पडतात आणि त्यांचे कीबोर्ड खाऱ्या हवेत राहतात. खरेदी करताना या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. दिवे, रंग आणि ‘गेमिंग’चे बिल्ले त्यानंतर.

आधी टेबल-खुर्ची

मनगट दुखायला लागले की माणूस नवा कीबोर्ड शोधतो. पण बऱ्याचदा दोष टेबलाच्या उंचीत असतो. घरातले जेवणाचे किंवा अभ्यासाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. बेताच्या उंचीच्या माणसाचे कोपर बसल्यावर त्याहून खाली राहते, म्हणून खांदे उचलले जातात आणि मनगट मागे वाकते. खुर्ची वर घ्या किंवा तिच्यावर उशी टाका. पाय लोंबकळले तर खाली पाट ठेवा. कोपर काटकोनात किंवा किंचित उघडे, दंड अंगालगत आणि मनगट सरळ, अशी बैठक जमली की मग कीबोर्डाचा विचार करा.

मेकॅनिकल कीबोर्ड जाडीला जास्त असतो. समोरची कड दोन-तीन सेंटिमीटर उंच असू शकते. त्यामुळे तो चुकीच्या उंचीच्या टेबलावर ठेवला तर त्रास उलट वाढतो. मागचे पाय उघडून कीबोर्ड तिरका करण्याची सवय मोडा, कारण त्या चढाने मनगट आणखी मागे वाकते. मनगटाखालची गादी टायपिंग थांबवल्यावर टेकायला असते. टाइप करताना हात तिच्यावर दाबून ठेवू नयेत.

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री सुन्न पडत असेल, किंवा करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील, तर तो नसेवरच्या दाबाचा संकेत असू शकतो. अशा वेळी खरेदी बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. कीबोर्ड त्रास कमी करायला मदत करतो, पण तो औषध नव्हे.

स्विच: जोर, चाल आणि आवाज

साध्या कीबोर्डात सगळ्या कळांखाली रबराचा एकच पडदा असतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळेखाली स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच असतो. आज मिळणारे बहुतेक स्विच चेरी या जर्मन कंपनीने १९८० च्या दशकात आणलेल्या एमएक्स घडणीवर बेतलेले आहेत. कळ एकूण सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटते. म्हणजे कळ तळाला आपटायची गरज नसते. ही सवय लागली की बोटांवरचा ताण खरोखर कमी होतो.

स्विचचे प्रकार तीन. लाल सरळ खाली जातो आणि त्याला साधारण ४५ ग्रॅमचा जोर लागतो. तपकिरी मध्यावर हलकासा अडखळतो, त्यामुळे अक्षर उमटल्याचे बोटाला कळते. जोर सुमारे ५५ ग्रॅम. निळा अडखळतो आणि टिकटिकही करतो. जोर सुमारे ६० ग्रॅम. सरकारी कचेऱ्या, बँका आणि टायपिंग क्लासमध्ये दिसणारा टीव्हीएसचा ‘गोल्ड’ कीबोर्ड निळ्या जातीचा. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना तो आवडतो. पण घरात शेजारच्या खोलीत कोणी झोपलेले असेल, किंवा फोनवर मीटिंग चालू असेल, तर निळा नको. लाल फार हलका असल्याने जोराने टाइप करणाऱ्याचे बोट चुकून शेजारच्या कळेला लागले तरी अक्षर पडते. पहिल्या खरेदीला तपकिरी सुरक्षित.

स्विच आवडेल की नाही, हे वाचून कळत नाही. म्हणून ‘हॉट-स्वॅप’ कीबोर्ड घ्या. त्यात सोल्डरिंग न करता चिमट्याने स्विच उपटून दुसरा बसवता येतो. खाऱ्या हवेत याचा दुसरा फायदाही आहे, त्याबद्दल पुढे.

आकार: सरळ, वाकलेला की दुभंगलेला

सरळ कीबोर्डावर दोन्ही हात मध्ये येतात आणि मनगटे करंगळीच्या बाजूला वाकतात. शिवाय तळहात पूर्ण जमिनीकडे वळवावे लागतात. एर्गोनॉमिक रचना या दोन वळणांवर उपाय शोधते. अमेरिकेतल्या किनेसिस कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खोलगट वाट्यांत कळा बसवलेला कीबोर्ड आणला, तर मायक्रोसॉफ्टने १९९४ साली मध्ये फाकलेला ‘नॅचरल’ कीबोर्ड घराघरांत नेला. मायक्रोसॉफ्टचा मात्र मेकॅनिकल नव्हता.

आज निवड चार पायऱ्यांत मांडता येते.

पहिली पायरी म्हणजे अंकपट्टी नसलेला सरळ कीबोर्ड. १०४ कळांच्या पूर्ण कीबोर्डाची रुंदी ४४-४५ सेंटिमीटर असते आणि माऊस लांब उजवीकडे ढकलला जातो. दुखणे खांद्यात असेल तर नुसती अंकपट्टी काढूनही फरक पडतो. हिशेबाचे काम असेल तर सुटी अंकपट्टी घेऊन ती माऊसच्या पलीकडे किंवा डाव्या हाताला ठेवा.

दुसरी पायरी ‘अ‍ॅलिस’ मांडणी. कीबोर्ड एकसंध, पण दोन्ही बाजूंच्या कळा किंचित तिरक्या फाकवलेल्या. शिकायला आठवडाभर पुरतो.

तिसरी पायरी म्हणजे कळांच्या रांगा नेहमीच्याच ठेवून दोन तुकडे केलेला कीबोर्ड, उदाहरणार्थ कीक्रॉनचा क्यू-११. दोन्ही तुकडे खांद्याइतके लांब ठेवता येतात आणि मधून कागदपत्रे ठेवायला जागा मिळते. अर्ज बघून टाइप करणाऱ्याला ही मोठीच सोय.

चौथी पायरी म्हणजे उभ्या ओळींत कळा असलेले दुभंग कीबोर्ड: किनेसिस अ‍ॅडव्हांटेज, मूनलँडर, आणि हौशी लोक स्वतः जोडतात ते कॉर्न, लिली-५८, सोफल. बोटांना सगळ्यात आराम यांतच, पण हात नव्याने बसवावा लागतो. आणि मराठीची खरी अडचण इथेच सुरू होते.

इनस्क्रिप्ट आणि करंगळी

संगणकातल्या मराठीच्या ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीत मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. कळफलकाच्या उजव्या काठाला इंग्रजीत विरामचिन्हे असतात. तिथेच मराठीची नित्याची अक्षरे बसवलेली आहेत. ‘पी’च्या कळेवर ज, त्याच्या उजवीकडे चौकटी कंसाच्या कळेवर ड. अर्धविरामाच्या कळेवर च, त्याच्या शेजारी ट. तिरक्या रेघेच्या कळेवर य. उलट्या तिरक्या रेघेवर ‘डॉक्टर’मधला ॉ. बरोबरच्या चिन्हावर ‘कृपया’मधला ृ.

इंग्रजी लिहिणाऱ्याला चौकटी कंस क्वचित लागतो. म्हणून ४२ कळांच्या कॉर्नसारख्या कीबोर्डात तो काढून दुसऱ्या थरात टाकलेला असतो. म्हणजे आधी एक कळ दाबून धरायची, मग दुसरी. आता ‘मांडवा’, ‘मुरूड’, ‘रेवदंडा’ टाइप करून बघा. प्रत्येक ‘ड’ला दोन कळा. ‘गाडी’, ‘झाड’, ‘पडवी’, ‘निवडणूक’, सगळीकडे तेच. अंकांची रांग नसेल तर आणखी एक अडचण, कारण ‘कॅलेंडर’मधला ॅ अंकांच्या रांगेत शिफ्टसह ‘दोन’वर आहे. टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेला असेल तर अंकांची रांग आणि उजवा काठ दोन्ही लागतातच. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्यांना मात्र छोटा कीबोर्ड चालून जाईल.

म्हणून पहिला नियम: इनस्क्रिप्टवाल्याने अंकांची रांग असलेला आणि ‘पी’च्या उजवीकडे निदान एक मोकळी कळ असलेलाच कीबोर्ड घ्यावा. अ‍ॅलिस आणि क्यू-११ सारख्या कीबोर्डांत उजव्या काठाच्या कळा शाबूत असतात. किनेसिसमध्ये चौकटी कंस सगळ्यात खालच्या रांगेत उतरलेला असतो, म्हणजे ‘ड’ तिथे शोधावा लागतो. मात्र कळा बदलून घेता येतात.

दुसरी गोष्ट शिफ्टची. इंग्रजीत शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला आणि विशेषनामांना लागते. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही दहाही अक्षरे शिफ्टसह येतात. ती सगळी उजव्या हाताची असल्याने दर वेळी डावी करंगळी शिफ्ट दाबते. अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे दहा स्वर डाव्या हाताचे, तेही शिफ्टसह, म्हणजे उजवी करंगळी कामाला. शिवाय श आणि ळ डाव्या करंगळीच्या वाट्याला, ण उजवीच्या. ‘थळ’ या दोन अक्षरी गावाला दोनदा शिफ्ट, ‘भाऊचा धक्का’ला तीनदा. दिवसभर मराठी टाइप करून करंगळीकडची कड दुखते त्याला हेही एक कारण आहे.

यावर उत्तम उपाय म्हणजे शिफ्ट अंगठ्याखाली आणणे. हाताचे सगळ्यात बळकट बोट साध्या कीबोर्डावर फक्त स्पेसबार दाबते. अ‍ॅलिस आणि दुभंग कीबोर्डांत स्पेसबारचे दोन तुकडे असतात. कळांची कामे बदलू देणाऱ्या क्यूएमके किंवा व्हाया या प्रणालीवर चालणारा कीबोर्ड असेल तर डावा तुकडा शिफ्ट करून टाकता येतो. किंवा एकच कळ टिचकी मारली तर मोकळी जागा आणि दाबून धरली तर शिफ्ट, अशीही लावता येते. बदल कीबोर्डाच्याच स्मृतीत राहतो, त्यामुळे सेवा केंद्रातल्या दुसऱ्या संगणकाला जोडला तरी टिकतो. मराठी अक्षरे संगणकातल्या मांडणीतून उमटतात, म्हणून कळांवर मराठी छापलेले नसले तरी बिघडत नाही. कीबोर्ड घेताना क्यूएमके-व्हाया आहे का, हा प्रश्न दिव्यांच्या आधी विचारा.

एक बारकावा ‘व’चा. इनस्क्रिप्टमध्ये तो ‘बी’च्या कळेवर आहे, आणि दुभंग कीबोर्डात ‘बी’ डाव्या तुकड्यात जातो. ‘व’ उजव्या तर्जनीने दाबायची सवय असेल तर पहिले काही दिवस बोट हवेत पडेल. अनेक अ‍ॅलिस कीबोर्डांत ‘बी’च्या दोन कळा दिलेल्या असतात. त्यांना मराठीत दोन ‘व’ मिळतात.

टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी वेगळा सल्ला. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी परीक्षा केंद्रातल्या साध्या कीबोर्डावर द्यावी लागते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग मागतात, तोही साध्याच कीबोर्डावर. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत उभ्या ओळींचा कीबोर्ड घेऊ नका. साध्या मांडणीचा तपकिरी स्विचवाला पुरे.

खारी हवा, पावसाळा आणि मुंग्या

किनाऱ्यावरच्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण घरात येतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते, आणि धातूवर मिठाच्या पाण्याचा थर बसतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. परिणाम कीबोर्डावर तीन ठिकाणी दिसतो. स्विचच्या आतला संपर्क खराब झाला की एक कळ दाबल्यावर अक्षर दोनदा पडते. स्पेसबार आणि एन्टरखालची स्टॅबिलायझरची तार गंजून करकरते. आणि केबलचे तोंड हिरवट पडून जोडणी तुटक होते.

त्यामुळे घेतानाच हे बघा. स्विच हॉट-स्वॅप असावेत, म्हणजे बिघडलेला एकच बदलता येतो. खरेदीबरोबर दहा-बारा जादा स्विच घेऊन हवाबंद डब्यात ठेवा. स्विच ज्यात बसतात ती आतली पट्टी पोलादी असेल तर रंगाचा टवका उडाल्यावर गंजते. अ‍ॅल्युमिनियम, पॉलिकार्बोनेट किंवा सर्किट बोर्डाच्याच फायबरची पट्टी चांगली. कीकॅप, म्हणजे कळांच्या टोप्या, पीबीटी प्लास्टिकच्या असाव्यात. एबीएसच्या घामाने लवकर चकाकतात आणि निसरड्या होतात. केबल सुटी, यूएसबी-सीची असावी, म्हणजे तोंड खराब झाले तर केबल बदलून भागते. धातूचा संपर्कच नसलेले ऑप्टिकल किंवा चुंबकीय स्विच खाऱ्या हवेला जास्त तोंड देतात. ते अजून बहुतांशी गेमिंगच्या सरळ कीबोर्डांत मिळतात, पण सरळ कीबोर्डावर समाधान असेल तर किनाऱ्यासाठी ती चांगली निवड.

काळजी सोपी आहे. कीबोर्ड समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नका. काम संपले की वर सुती कापड टाका. प्लास्टिकची पिशवी ओलावा आत कोंडते. पावसाळ्यात बाहेरगावी जाताना झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. महिन्यातून एकदा कीकॅप काढून ब्रशने झाडा. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसा. पॉलिकार्बोनेट असेल तर कोरडेच पुसा. टेबलावर बिस्किटांचा चुरा पडू देऊ नका. लाल मुंग्या आत शिरल्या की सगळा कीबोर्ड उघडावा लागतो.

वीज जाण्याचा हिशेबही धरा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. तारेने जोडलेला कीबोर्ड लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो आणि दिवे बंद ठेवले तर फार थोडी वीज घेतो. विजा कडाडत असताना चार्जर काढून ठेवा.

कुठे घ्यावा, किती खर्च धरावा

मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड हा कॉम्प्युटरच्या मालाचा जुना बाजार. अलिबागहून एसटीने मुंबई सेंट्रलला उतरलात तर चालत जाता येते. समुद्रमार्गे यायचे तर गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्याची रो-रो हवामान बरे असेल तर चालू असते. रविवारी बरीच दुकाने बंद. तिथे मुख्यतः सरळ आणि गेमिंगचे कीबोर्ड मिळतात, पण लाल-तपकिरी-निळ्याचा फरक बोटांनी तपासायला तीच जागा. सोबत स्वतःचा लॅपटॉप मराठी मांडणी लावून न्या. ‘मांडवा’, ‘थळ’, ‘भाऊचा धक्का’, ‘कॅलेंडर’, ‘कृपया’ एवढे शब्द टाइप करा. कोणत्या कळेसाठी हात उचलावा लागतो ते लगेच समजेल.

अ‍ॅलिस आणि दुभंग कीबोर्ड बहुधा ऑनलाइनच घ्यावे लागतात. ऑर्डर करण्याआधी तुमच्या पिनकोडवर माल पोचतो का, एवढेच बघून थांबू नका. परत नेण्याची सोय आहे का तेही बघा. अलिबाग शहरात ती असली तरी आतल्या गावांत नसते, अशी वेळ येते. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी प्रत्येक कळ तपासा.

खर्चाचा अंदाज असा: निळ्या स्विचचा साधा भारतीय कीबोर्ड तीन हजारांच्या आसपास, हॉट-स्वॅप सरळ कीबोर्ड तीन ते सहा हजार, अ‍ॅलिस आठ ते पंधरा हजार, दुभंग पूर्ण कळांचा वीस हजारांच्या घरात. मूनलँडर, किनेसिस यांसारखे कीबोर्ड परदेशातून मागवले तर किमतीवर सीमाशुल्क, कर आणि कुरिअरचा हाताळणी खर्च चढतो. परदेशातून येणाऱ्या भाच्याला आणायला सांगितले तरी वॉरंटीसाठी तो परतच पाठवावा लागेल, हे आधी समजून घ्या.

पहिले काही आठवडे

नवा आकार आला की वेग पडतो. तातडीची कामे जुन्या कीबोर्डावर करा आणि रोज अर्धा तास नव्यावर द्या. अ‍ॅलिस आठवड्यात अंगवळणी पडतो, उभ्या ओळींच्या कीबोर्डाला महिनाभर द्यावा. कळांची अदलाबदल एका वेळी एकच करा: आधी अंगठ्याचा शिफ्ट, तो बसला की ‘ड’ आणि ॉ. दर अर्ध्या तासाने उठून हात मोकळे करा. कितीही महागडा कीबोर्ड विश्रांतीची जागा घेत नाही.

थोडक्यात निवाडा असा. किनाऱ्यावर राहून इनस्क्रिप्टमध्ये रोज मराठी लिहिणाऱ्याने तारेचा, हॉट-स्वॅप, तपकिरी स्विचचा, पीबीटी कीकॅपचा, अंकांची रांग असलेला अ‍ॅलिस कीबोर्ड घ्यावा, व्हायावर शिफ्ट डाव्या अंगठ्याला द्यावा. खांदे तरीही आखडत असतील आणि खिसा परवानगी देत असेल तर पूर्ण कळांचा दुभंग कीबोर्ड. ४२ कळांच्या देखण्या खेळण्याच्या नादी लागू नका. आणि बजेट पाच हजारांचेच असेल तर आधी खुर्ची नीट करून घ्या, उरलेल्या पैशांत अंकपट्टी नसलेला साधा मेकॅनिकल कीबोर्ड घ्या.